चवड्यांवर चालणारे लहान मूल : घरी काय पाहावे आणि सल्ला कधी घ्यावा

नुकतेच चालायला शिकलेले मूल टाच न टेकवता, केवळ चवड्यांवर भार देऊन घरभर फिरू लागले की घरात बहुधा दोन मते पडतात. कोणी म्हणते की सगळीच मुले सुरुवातीला अशी चालतात, त्यात पाहण्यासारखे काही नाही. कोणी म्हणते की पायात नक्की दोष आहे, लगेच हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्यांपैकी कोणी मुलाचा पाय हातात घेऊन नीट पाहिलेला असतोच असे नाही. हा लेख या प्रश्नाला प्रथमच सामोरे जाणाऱ्या, मुंबईत राहणाऱ्या पालकांसाठी आणि मुलाला दिवसभर सांभाळणाऱ्या आजी-आजोबांसाठी आहे. माझा आग्रह इतकाच आहे की केवळ वय पाहून निश्चिंत किंवा चिंतित होण्याआधी तीन गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी तपासून घ्याव्यात : मुलाची टाच जमिनीला पूर्ण टेकू शकते का, दोन्ही पाय सारखेच वागतात का, आणि मूल महिन्यागणिक पुढे सरकते आहे का.

आधी थोडे समजून घ्या

मोठी माणसे चालताना आधी टाच टेकवतात, मग तळवा आणि शेवटी बोटांनी जमीन मागे रेटतात. लहान मूल हे पहिल्या दिवसापासून करीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापदंडांनुसार निरोगी मुले साधारणपणे ८ ते १८ महिन्यांच्या दरम्यान आधाराविना चालू लागतात. त्या काळात पाय फाकवून, हात वर धरून, कधी तळवा आपटत तर कधी चवड्यांवर, असे चालण्याचे अनेक प्रकार एकाच मुलात एकाच दिवशी दिसतात. तोल सांभाळण्याचे काम अंगवळणी पडेपर्यंत हे चालते. बहुतेक मुलांमध्ये दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस टाच आधी टेकू लागते आणि तीन वर्षांपर्यंत चाल बरीचशी स्थिर होते.

काही मुले मात्र त्यानंतरही चवड्यांवर चालत राहतात आणि तपासणीत मज्जासंस्था, स्नायू किंवा सांधे यांचा कोणताही आजार सापडत नाही. याला डॉक्टर सवयीचे किंवा कारण न सापडलेले चवड्यांवर चालणे म्हणतात. कित्येक कुटुंबांत वडील, मामा किंवा आत्या लहानपणी अशाच चालत असत, असे चौकशीत कळते. स्वीडनमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत साडेपाच वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ५ टक्के मुले त्या वयापर्यंत कधी ना कधी अशी चाललेली आढळली, त्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांची सवय तोवर सुटलीही होती. त्याच मुलांचा पुढे मागोवा घेतला तेव्हा दहाव्या वर्षापर्यंत आणखी बऱ्याच जणांनी ती आपोआप सोडल्याचे दिसले. हे आकडे धीर देणारे आहेत, यात शंका नाही. परंतु एक अट लक्षात ठेवली पाहिजे : ‘केवळ सवय आहे’ हे निदान इतर कारणे तपासून बाजूला ठेवल्यानंतरच करता येते. ते सोसायटीच्या बाकावर बसून किंवा फोनवर कोणाला विचारून होत नाही.

पहिली पायरी : आठवून लिहून काढा

तपासणीच्या खोलीत मूल रडत असते, बाहेर रांग असते आणि विचारलेले नेमके आठवत नाही. म्हणून घरीच एका कागदावर काही गोष्टी लिहून ठेवाव्यात. मूल केव्हा बसू लागले, केव्हा धरून उभे राहिले, केव्हा आधाराविना चालले. पहिल्या पावलापासूनच ते चवड्यांवर चालते, की आधी काही महिने टाच टेकवून चालत होते आणि नंतर बदल झाला. हा दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण चांगली चालणारी चाल बिघडणे ही मुळातच वेगळी घटना आहे आणि तिच्याकडे वेगळ्याच गांभीर्याने पाहावे लागते.

बाळंतपणाची माहितीही लिहावी : मूल पूर्ण दिवसांचे होते का, जन्मवजन किती होते, जन्मल्यावर लगेच रडले का, काचेच्या पेटीत किंवा नवजात अतिदक्षता विभागात ठेवावे लागले का, कावीळ किंवा झटके आले होते का. दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या मुलाचे वय दोन वर्षांपर्यंत मूळ अपेक्षित तारखेपासून मोजतात, त्यामुळे दोन महिने आधी जन्मलेल्या मुलाकडून त्याच दिवशी जन्मलेल्या शेजारच्या मुलाइतक्याच वेगाची अपेक्षा धरू नये. माता व बाल संरक्षण कार्ड सापडत असेल तर ते याच कागदाबरोबर ठेवावे. त्यात वजनाच्या नोंदींबरोबर वाढीचे टप्पेही दिलेले असतात. कुटुंबात स्नायूंचा आजार असलेले कोणी आहे का, विशेषतः आईच्या बाजूच्या एखाद्या मुलाचे चालणे लहानपणीच बंद झाले होते का, हेही घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहावे. अशा गोष्टी अनेक घरांत बोलल्या जात नाहीत, तरीही विचाराव्यात.

दुसरी पायरी : अनवाणी पाय नीट पाहा

ही पायरी घाईने उरकू नये. आठवडाभर, दिवसाच्या निरनिराळ्या वेळी, मूल आपल्याच नादात खेळत असताना पाहावे. मुलाला सांगून चालायला लावले की त्याची चाल बदलते. कोणी पाहत आहे हे कळले की दोन वर्षांचे मूलही टाच टेकवून दाखवते आणि पाठ वळताच पुन्हा चवड्यांवर जाते. खरे पाहता हा बदल आश्वासक आहे, कारण त्यावरून टाच टेकवण्याची क्षमता शाबूत असल्याचे कळते.

प्रथम मूल स्थिर उभे असताना पाहावे. ओट्याजवळ उभे राहून खेळताना, खिडकीतून रस्ता पाहताना किंवा आरशासमोर असताना दोन्ही टाचा जमिनीला लागतात का? चालताना चवड्यांवर आणि उभे राहिल्यावर टाचेवर असणाऱ्या मुलाची पोटरी बहुधा लवचीक असते. उभे असतानाही टाचा अधांतरी राहत असतील, किंवा टाच टेकवण्यासाठी मूल गुडघे मागे ताणत असेल, कंबर पुढे काढत असेल अथवा पाऊल बाहेर फिरवत असेल, तर पोटरीचे स्नायू आणि टाचेची कंडरा (पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी जाड दोरी) आखडली असण्याची शक्यता असते.

त्यानंतर उकिडवे बसणे पाहावे. आपल्याकडे मुले जमिनीवर उकिडवी बसून खेळतात, ही पालकांच्या हाती असलेली एक उत्तम संधी आहे. पूर्ण उकिडवे बसताना दोन्ही टाचा जमिनीला टेकलेल्या राहत असतील तर घोट्याचा सांधा चांगला वळतो. मूल नेहमीच चवड्यांवर तोलून बसत असेल, किंवा टाच टेकवायला लावल्यास मागे कलंडत असेल, तर त्याची नोंद करावी. तथापि उकिडवे बसताना गुडघा वाकलेला असतो आणि पोटरीच्या वरच्या मोठ्या स्नायूवर ताण येत नाही. म्हणून हे जमले तरी पुढचीही तपासणी करावी.

मूल झोपेत किंवा दूध पिताना शांत असताना त्याला उताणे ठेवून एक गुडघा सरळ धरावा, दुसऱ्या हाताच्या तळव्यात टाच घ्यावी आणि पाऊल हळुवार नडगीच्या दिशेने वर न्यावे. लहान मुलाचे पाऊल काटकोनाच्या बरेच पुढे, सहजपणे जाते. गुडघा सरळ असताना ते काटकोनापर्यंतही येत नसेल, काटकोनालाच अडत असेल, किंवा डावा-उजवा यांत स्पष्ट फरक जाणवत असेल, तर डॉक्टरांना दाखवण्यास तेवढे कारण पुरेसे आहे. जोर मुळीच लावू नये. येथे जाणून घ्यायचे आहे, ताणायचे नाही. पाऊल वर नेताना ते झटक्याने अडत असेल किंवा घोटा थरथरल्यासारखा वाटत असेल तर तेही लिहून ठेवावे.

जमीन कोणती आहे याकडेही लक्ष द्यावे. पावसाळ्यात ओलसर फरशी, धुतलेली मोरी, थंड लादी किंवा गच्चीवरची तापलेली जमीन असली की कोणतेही मूल टाचा उचलते. दादर किंवा जुहूच्या चौपाटीवर वाळूचा स्पर्श न आवडल्याने चवड्यांवर उभे राहणारी मुलेही असतात. केवळ अशाच ठिकाणी हे घडत असेल तर प्रश्न पायाचा नसून स्पर्शाचा आहे. परंतु गवत, वाळू, चटई, हाताला लागणारे चिकट अन्न, केस विंचरणे, नखे कापणे अशा अनेक स्पर्शांनी मूल फार अस्वस्थ होत असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे.

याच वेळी मोबाइलवर लहान चित्रफिती घेऊन ठेवाव्यात. मूल अनवाणी आणि अर्ध्या चड्डीत असावे, म्हणजे गुडघे व टाचा दिसतील. चाळीची गॅलरी किंवा इमारतीचा पॅसेज यासाठी योग्य असतो, कारण मूल तेथे सरळ रेषेत काही पावले चालते. मोबाइल मुलाच्या गुडघ्याच्या उंचीवर धरून एकदा बाजूने आणि एकदा मागून चित्रण करावे. शिवाय पळताना, जिना चढताना आणि जमिनीवरून उठताना एकेक चित्रफीत असावी. दवाखान्यात कडेवरून खाली न उतरणाऱ्या मुलाच्या बाबतीत या चित्रफिती फार मोलाच्या ठरतात.

तिसरी पायरी : पाय सोडून बाकीचे मूल पाहा

पालकांचे सारे लक्ष टाचेवर खिळते आणि उरलेले मूल पाहायचे राहून जाते, याची मला अधिक काळजी वाटते. चवड्यांवर चालणे हे काही वेळा एखाद्या मोठ्या गोष्टीचे एक छोटे टोक असते, आणि ती गोष्ट पायाकडे पाहून कळत नाही.

मूल जमिनीवरून कसे उठते ते पाहावे. उठताना ते हातांनी स्वतःच्या मांड्यांवर भार देत, जणू स्वतःच्याच अंगावर चढत उठत असेल, जिना चढताना दमत असेल, वारंवार पडत असेल, समवयस्कांबरोबर पळू शकत नसेल आणि त्याच्या पोटऱ्या फुगीर व टणक वाटत असतील, तर स्नायूंच्या आजाराची शंका घ्यावी लागते. ड्युशेन या नावाने ओळखला जाणारा स्नायूंचा आजार बहुतांशी मुलग्यांमध्ये आढळतो, सुमारे ३,५०० ते ५,००० मुलग्यांमागे एकाला होतो आणि त्याची सुरुवात अनेकदा अशाच चालीने होते. पोटऱ्या भरदार दिसतात म्हणून घरात त्यांचे कौतुकही होत असते. याची पहिली तपासणी साधी आहे : रक्तातील सीपीके या घटकाची.

दुसरे, हातापायांच्या कडकपणाची लक्षणे पाहावीत. कपडे बदलताना मांड्या सहज फाकत नाहीत, चालताना गुडघे एकमेकांना घासतात किंवा पाय कात्रीसारखे एकमेकांपुढे येतात, वर्षाच्या आतच मूल सगळी कामे एकाच हाताने करू लागले होते, दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली राहते, ही लक्षणे सेरेब्रल पाल्सीकडे, म्हणजे वाढत्या मेंदूला इजा झाल्याने हालचालींत येणाऱ्या दोषाकडे, निर्देश करू शकतात. सौम्य स्वरूपात ती चालायला लागेपर्यंत लक्षात येत नाही, आणि अपुऱ्या दिवसांच्या मुलांत तिची शक्यता अधिक असते.

तिसरे, बोलणे आणि माणसांशी असलेले नाते. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांमध्ये चवड्यांवर चालणे इतर मुलांपेक्षा अधिक आढळते, ही गोष्ट इंटरनेटवर वाचून अनेक पालक हादरून जातात. केवळ चवड्यांवर चालण्यावरून स्वमग्नता ठरत नाही, हे येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. मूल नावाने हाक मारल्यावर वळून पाहत असेल, हवी ती वस्तू बोट दाखवून मागत असेल, एखादी गंमत दिसली की आपल्याला दाखवायला येत असेल आणि नजरेला नजर देत असेल, तर त्या दिशेची चिंता बरीच कमी होते. उलट सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलणे नाही, किंवा आधी येत असलेले शब्द गेले आहेत, असे असेल तर टाच टेकते की नाही याची वाट न पाहता विकासाची तपासणी करून घ्यावी. बालरोगतज्ज्ञांकडे सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी पालकांनी भरायची एक प्रश्नावली असते; ती मागून घेण्यात संकोच करू नये.

शेवटी आंघोळ घालताना पाठ पाहावी. कण्याच्या खालच्या टोकाला केसांचा झुपका, खोल खळगा, गाठ किंवा लालसर डाग असेल, किंवा शी-शूवर आलेला ताबा पुन्हा सुटला असेल, तर मज्जारज्जू खाली जखडला गेला आहे का, हे तपासावे लागते.

चौथी पायरी : थांबायचे, दाखवायचे की धावायचे, हे ठरवा

मूल दोन वर्षांच्या आतील आहे, अधूनमधून चवड्यांवर जाते, उभे राहताना दोन्ही टाचा टेकवते, पाऊल सहज वर वळते, दोन्ही पाय सारखे आहेत आणि बाकीचा विकास वयाप्रमाणे आहे, तर थांबायला हरकत नाही. थांबणे म्हणजे विसरणे नव्हे. दर दोन-तीन महिन्यांनी दुसऱ्या पायरीतील तपासण्या पुन्हा कराव्यात, नवी चित्रफीत जुनीशी ताडून पाहावी आणि लसीकरणाच्या पुढच्या खेपेस डॉक्टरांच्या कानावर घालावे.

दोन वर्षे उलटल्यावरही मूल बहुतांश वेळ चवड्यांवरच चालत असेल तर बालरोगतज्ज्ञांना मुद्दाम दाखवावे. काही मार्गदर्शकांत तीन वर्षांची मर्यादा सांगितलेली आढळते आणि ती चूक नाही. परंतु पोटरी आखडू लागली असेल तर ती जितकी लवकर कळेल तितके उपचार सोपे जातात, म्हणून मी दोन वर्षांनंतर एक तपासणी करून घेण्याच्या बाजूने आहे. तपासणीने मुलाचे काही बिघडत नाही.

वय कितीही असले तरी पुढील परिस्थितीत काही दिवसांतच डॉक्टरांकडे जावे. चवड्यावर चालणे एकाच पायाचे असणे हे यांतील सर्वांत ठळक लक्षण होय; त्यामागे एका बाजूची सेरेब्रल पाल्सी, दोन पायांच्या लांबीतील फरक किंवा जन्मापासून निखळलेला खुब्याचा सांधा असू शकतो, आणि खुब्याचा दोष जितका उशिरा सापडेल तितकी शस्त्रक्रिया मोठी होत जाते. आधी टाच टेकवणारे मूल नंतर चवड्यांवर गेले, अठरा महिने झाले तरी मूल आधाराविना चालत नाही, येत असलेले कौशल्य गेले, टाच हातानेही खाली येत नाही, किंवा तिसऱ्या पायरीतील कोणतेही लक्षण दिसते, यांपैकी काहीही असल्यास वाट पाहू नये.

अचानक सुरू झालेल्या प्रकाराचा विचार निराळा करावा. कालपर्यंत व्यवस्थित चालणारे मूल आज एका पायाची टाच टेकवत नसेल तर प्रथम तळवा उजेडात पाहावा : काच, काटा, फोड, चावलेला बूट. ताप-सर्दी ओसरत असताना सकाळी उठल्यावर दोन्ही पोटऱ्या दुखतात म्हणून मूल चवड्यांवर चालते किंवा चालायलाच नकार देते, असा प्रकार विशेषतः शाळकरी वयाच्या मुलांत विषाणुजन्य तापानंतर दिसतो. तो बहुधा आठवडाभरात बरा होतो, पण डॉक्टरांना दाखवणे आवश्यक आहेच. लघवी गडद, चहासारख्या रंगाची होत असेल, पायांतील ताकद कमी होत चालली असेल, ताप आणि सांध्याची सूज असेल, किंवा लघवी अडली असेल, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावे.

पाचवी पायरी : मुंबईत कोणाकडे जावे

सुरुवात नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांपासूनच करावी. मुलाचे जन्मापासूनचे टप्पे त्यांनी पाहिलेले असतात, आणि पुढे अस्थिरोगतज्ज्ञाकडे जायचे, मेंदू व मज्जासंस्थेच्या तज्ज्ञाकडे जायचे की विकासतज्ज्ञाकडे, हे तेच चांगले ठरवू शकतात. थेट हाडांच्या डॉक्टरांकडे गेल्यास टाच तपासली जाते, मात्र बोलणे, समज आणि स्नायूंची ताकद यांची तपासणी राहून जाण्याचा संभव असतो.

महापालिकेच्या सेवेवर अवलंबून असलेल्या कुटुंबांसाठी केईएम, शीवचे लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचे नायर आणि विलेपार्ल्याचे कूपर ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत; तेथे बालरोग, अस्थिरोग आणि फिजिओथेरपी हे विभाग एकाच आवारात असल्याने फेऱ्या वाचतात. परळला बाई जेरबाई वाडिया हे केवळ मुलांसाठीचे रुग्णालय आहे. हाजी अली येथे केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे. पायाला आधार देणारे स्प्लिंट आणि व्यायामोपचार यांसाठी ती उपयोगी पडते. विकासाच्या एकत्रित तपासणीसाठी उम्मीद ही २००१ पासून मुंबईत काम करणारी संस्थाही आहे. मूल अंगणवाडीत जात असेल तर २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली वर्षातून दोनदा तपासणी होणे अपेक्षित असते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये आणि चालण्याचा विषय पथकासमोर स्वतःहून काढावा.

सार्वजनिक रुग्णालयात बाह्यरुग्ण विभागाची नोंदणी सकाळी होते आणि विशेष विभाग अनेकदा ठरावीक वारीच चालतात, म्हणून निघण्याआधी वार विचारून घ्यावा. गर्दीच्या लोकलमधून दीड-दोन वर्षांच्या मुलाला घेऊन जायचे तर सोबत आणखी एक मोठे माणूस असावे, मुलाचे खाणे आणि सुटसुटीत चड्डी असावी, आणि रांगेत ते झोपणार असेल तर झोपू द्यावे. झोपलेल्या मुलाचा घोटा तपासणे उलट सोपे जाते.

सहावी पायरी : तपासणीत काय होते

डॉक्टर मुलाला चालताना पाहतात, दोन्ही घोटे गुडघा सरळ आणि वाकवून अशा दोन्ही स्थितींत मोजतात, स्नायूंचा ताण, ताकद आणि गुडघ्याखालची प्रतिक्षिप्त हालचाल तपासतात, खुबे आणि पाठ पाहतात. सर्व ठीक असेल आणि मूल वयाने लहान असेल तर कोणत्याही चाचणीची गरज पडत नाही. चाचणी सांगितली नाही म्हणून डॉक्टरांनी मनावर घेतले नाही असा समज करून घेऊ नये. शंका असेल तेव्हाच सीपीके, खुब्याचा एक्स-रे किंवा मेंदू अथवा मणक्याचा एमआरआय सांगितला जातो. लहान मुलाला एमआरआयसाठी बहुधा गुंगी द्यावी लागते, तेव्हा तो कशासाठी हवा आहे, हे समजावून घेण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे.

निघताना तीन प्रश्न जरूर विचारावेत : घोटा किती अंशांपर्यंत वळतो, पुढची तपासणी केव्हा, आणि त्याआधी काय दिसल्यास परत यायचे. अंशांचा आकडा केस पेपरवर लिहून घ्यावा. सहा महिन्यांनी दुसरे डॉक्टर तपासत असले तरी त्या आकड्यावरून पाय सुधारला की आखडला, हे निश्चित सांगता येते.

सातवी पायरी : घरी काय करावे आणि काय टाळावे

घरात स्वच्छ, कोरड्या जमिनीवर मुलाला भरपूर वेळ अनवाणी फिरू द्यावे. कमी उंचीच्या पाटावर बसवून, तळवे पूर्ण टेकलेले ठेवून, समोरचे खेळणे घेण्यासाठी उठ-बस करायला लावणे हा साधा आणि चांगला व्यायाम आहे. उकिडवे बसून भाज्या निवडण्याचा खेळ, इमारतीच्या पार्किंगचा उतार वर चढणे, बागेतील मातीच्या चढावर जाणे, अंगणात किंवा पॅसेजमध्ये टाचांवर चालण्याची शर्यत, यांत पोटरी ताणली जाते आणि नडगीपुढचे स्नायू कामाला लागतात. पोटरी ताणण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून प्रत्यक्ष हात धरून शिकावेत; ते चुकीच्या पद्धतीने केल्यास घोट्याऐवजी तळव्याचा मधला भाग वाकतो आणि पाऊल सपाट होते.

चाके लावलेला, मुलाला आत बसवून फिरवणारा वॉकर घरात आणू नये, आणला असल्यास काढून टाकावा. त्यात मूल चवड्यांनी जमीन रेटायला शिकते, शिवाय जिन्यावरून कोसळण्याचा आणि गॅसजवळ पोहोचण्याचा धोका असतो. कॅनडाने २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी घातली आहे. आपला जुना लाकडी पांगुळगाडा याहून वेगळा आहे, कारण मूल स्वतःच्या पायांवर उभे राहून तो ढकलते. गाडा फार हलका असून सुसाट पळत असेल तर मात्र मूल पुढे झुकून चवड्यांवर जाते. तेव्हा त्यात थोडे वजन ठेवावे आणि नजर हटवू नये.

बूट बाहेर जाताना घालावेत. टाचेला घट्ट बसणारे, चवड्याजवळ वाकणारे आणि बोटांपुढे थोडी जागा असलेले असावेत. जड बूट घातल्याने टाच खाली येईल, हा समज चुकीचा आहे. कॅल्शियमचे औषध स्वतःहून सुरू केल्यानेही चाल बदलत नाही. मालिश करणाऱ्या बाईंना पाय ताणू देऊ नयेत आणि हाडवैद्याकडून घोटा ‘बसवून’ घेऊ नये. आखडलेली कंडरा झटक्याने सैल होत नाही, दुखापत मात्र होते.

‘टाच टेक, टाच टेक’ असे दिवसभर सांगणे थांबवावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला चालताना पायाचा विचार करता येत नाही. त्याला एवढेच कळते की आपण चाललो की घरातील माणसे नाराज होतात. पाहुण्यांसमोर चालून दाखवायला लावणे, नक्कल करणे, भावंडाशी तुलना करणे हेही टाळावे. बालवाडीतील शिक्षिकेला मात्र विश्वासात घ्यावे, म्हणजे वर्गात मूल किती वेळ चवड्यांवर असते, हे कळत राहील.

उपचार सांगितले तर

सवयीने चवड्यांवर चालणाऱ्या आणि पोटरी लवचीक असलेल्या मुलांना बहुधा निरीक्षण आणि व्यायाम एवढेच सांगितले जाते. पोटरी आखडली असल्यास घोटा थोडा थोडा वर आणत काही आठवडे प्लास्टर बदलत राहतात. साधारण एक-दोन आठवड्यांनी नवे प्लास्टर घातले जाते. मुंबईच्या दमट हवेत आणि पावसाळ्यात ते कोरडे ठेवणे हेच मोठे काम असते, म्हणून तातडी नसल्यास डॉक्टरांशी बोलून हिवाळ्याचा काळ निवडता येईल का, हे विचारावे. प्लास्टर असताना बोटे निळसर, थंड किंवा सुजलेली दिसली, अथवा मूल सतत रडत राहिले, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालयात जावे. त्यानंतर अनेकदा रात्री किंवा दिवसा वापरायचे स्प्लिंट दिले जाते. मूल वाढते तसे ते लहान पडते, त्यामुळे त्वचेवर लाल खुणा उमटून तशाच राहू लागल्या की ते बदलून घ्यावे.

बोटॉक्सची, म्हणजे स्नायू काही काळ सैल करणाऱ्या औषधाची, इंजेक्शने सेरेब्रल पाल्सीतील कडक स्नायूंसाठी उपयोगी ठरतात. कारण न सापडलेल्या चवड्यांवर चालण्यात मात्र प्लास्टरबरोबर ती दिल्याने विशेष अधिक लाभ होत असल्याचे अभ्यासांत दिसलेले नाही, तेव्हा खर्च मान्य करण्यापूर्वी प्रश्न विचारावा. कंडरा लांब करण्याची शस्त्रक्रिया बहुधा पाच-सहा वर्षांनंतर, घोटा काटकोनापर्यंत येतच नसेल आणि इतर उपाय करून झाले असतील, तेव्हाच केली जाते. दीड-दोन वर्षांच्या मुलाला केवळ चवड्यांवर चालते म्हणून कोणी थेट शस्त्रक्रिया सुचवली, तर दुसऱ्या बाल-अस्थिरोगतज्ज्ञाचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये.

प्लास्टर किंवा व्यायामानंतर चाल सुधारून काही महिन्यांनी पुन्हा पूर्ववत होणे, हे वारंवार घडते आणि तो पालकांचा किंवा मुलाचा दोष नसतो. उंची झपाट्याने वाढते तेव्हा हाड पुढे जाते आणि स्नायू मागे राहतो, म्हणून अशा काळात घोटा पुन्हा मोजून घ्यावा लागतो. चाल चांगली दिसू लागली तरी शाळेत जाण्याच्या वयापर्यंत दर सहा महिन्यांनी एक तपासणी चालू ठेवावी, आणि जुन्या केस पेपरांची, अंशांच्या नोंदींची व चित्रफितींची एक फाइल करून प्रत्येक वेळी ती सोबत न्यावी.